पिंपळगावचा पिंपळ, उप्सालात

चार वाजता कार्यशाळेचं शेवटचं सत्र संपतं. तुमच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गावाचं नाव रोमन अक्षरांत आहे, पिंपळगाव राजा. सकाळपासून ते एकालाही धड उच्चारता आलेलं नाही. तुम्ही फ्युरिस नदीच्या काठाने निघता. मे महिना आहे. तिकडे खामगावला चव्वेचाळीस अंश असतील, इथे तुमच्या अंगात कोट आहे. ते अंशही इथलेच, अँडर्स सेल्सिअस याच गावचा. 1742 साली त्याने आखलेल्या मोजपट्टीत उकळतं पाणी शून्यावर होतं आणि बर्फ शंभरावर. ती पुढे उलटी केली गेली. मूळ पट्टीवर आपला वैशाख छप्पन्न अंशांचा भरला असता.

स्वार्टबेक रस्त्याला वळून तुम्ही मागे बघता, तर कॅथेड्रलचे 118 मीटर उंच कळस नाहीसे झालेले. 1702च्या आगीत जुने गेले, आणि तिथे आता बसकी टोपणं दिसतात. पायाखाली दगड आणि चिखल, हवेत घोड्यांच्या लिदीचा वास. साल 1753. यंदा स्वीडनने दिनदर्शिका बदलली आणि 17 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च उजाडला. पुण्यात नानासाहेब पेशवे आहेत.

शिंगं वाजतात, मागोमाग नगारे. शेगावची पालखी येताना रस्ता जसा भरतो तसा हा भरतो. पण ही पोरं विद्यार्थी आहेत. तागाचे सैल कपडे, टोपीत खोचलेली रानफुलं, हातात मुळासकट उपटलेली झाडं. दिवसभर रानात फिरून आलेत. पुढे चालतो तो बुटका, तरतरीत मास्तर कार्ल लिनिअस. बागेच्या फाटकाशी पोरं त्याच्या नावाचा जयघोष करतात आणि पांगतात.

तुम्ही त्याच्यामागे आत जाता. बागेत वाफे आखलेले, काठ्यांवर माकडांची घरं. इथल्या घरात तो दहा वर्षं राहतोय. टेबलावर नव्या ग्रंथाचे कागद पसरलेत. सुमारे सहा हजार वनस्पती, प्रत्येकीला दोन शब्दांचं नाव. तुम्ही वाकून शोधता. आधी पऱ्हाटी सापडते, गॉसिपियम आर्बोरियम, आपला गावरान कापूस. मग ते येतं. फिकस रिलिजिओसा. पिंपळ.

हा माणूस भारतात कधी आला नाही. पाराभोवती बसलेल्या म्हाताऱ्या, खोडाला गुंडाळलेलं सूत, वाऱ्याचं नाव नसताना सळसळणारी पानं, यातलं त्याने काहीच पाहिलं नाही. तरी नावात रिलिजिओसा, म्हणजे पवित्र. मग लोक या झाडाला पूजतात हे त्याला कुणी सांगितलं?

शेजारी एक जाडजूड लॅटिन ग्रंथ उघडा आहे, ‘हॉर्टस मलबारिकस’. डच अधिकारी व्हान रेडेने कोचीनला बसून करवून घेतलेला, 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापलेला. तुम्ही पानं मागे उलटता आणि थबकता. नागरी! छापलेली, आपल्या वळणाची अक्षरं. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांचं 1675चं कोकणी पत्र आहे ते. पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडून गेलेल्या घराण्यांतले हे लोक. महानिघंटू या ग्रंथाच्या आधाराने झाडांची नावं आणि गुण सांगण्याचं काम आपण दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ केलं, असं त्यांनी लिहून दिलंय. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचंही तसंच पत्र आहे. पुढे पिंपळाचं चित्र येतं, मलयाळी नाव अरयाल.

लिनिअसला ही अक्षरं वाचता येत नाहीत. या खोलीत ती फक्त तुम्हाला येतात. तुम्ही हळू आवाजात तिन्ही नावं वाचता, एकदा, पुन्हा एकदा. ती इथे कुणीतरी मोठ्याने घ्यायलाच हवी होती, असं मला फार मनापासून वाटतं. त्यांच्यासारख्यांच्या सांगण्याविना या टेबलावरचे कितीतरी कागद कोरे राहिले असते.

बाहेर येता तेव्हा डांबर परत आलेलं असतं, कळस आपापल्या जागी, आणि साडेआठ वाजले तरी ऊन रेंगाळलेलं.

सकाळी कॉफीच्या रांगेत एक स्वीडिश बाई तुमच्या ओळखपत्राकडे बोट दाखवून अर्थ विचारतात. तुम्ही सांगता, फिकस रिलिजिओसाचं गाव. त्यांचा चेहरा खुलतो, झाड त्यांना कळलेलं असतं. मग तुम्ही त्यांच्याकडून पेन मागून घेता आणि रोमन नावाखाली नागरीत लिहिता, पिंपळ. त्या ओठ जुळवतात आणि हळूहळू म्हणून बघतात.