कापूस, कागद आणि सागवान

मागच्या महिन्यात नातू दोन दिवस राहून गेला. पुण्यात नोकरी करतो, वय २६. शुक्रवारची सुटी काढून आला होता. सकाळी सव्वानऊ वाजले आणि पठ्ठ्या पोह्यांची बशी तशीच ठेवून मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. आजीला वाटलं कुणा मुलीशी बोलतोय, आणि ती खूश झाली! अकराच्या सुमाराला त्याने मान वर केली. "आजोबा, साडेतीन हजार निघाले. दोन तासांत."

"कशातून निघाले?"

"निफ्टीच्या ऑप्शनमधून."

"म्हणजे तू विकत काय घेतलंस?"

यावर तो दहा मिनिटं बोलत होता. मी तेहतीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. उत्तर येत असेल तर मुलगा दोन वाक्यांत सांगतो, येत नसेल तर पान भरतो, हा माझा अनुभव आहे. (याला अपवादही आहेत, पण ते पहिल्या बाकावर बसतात.)

शेवटी म्हणाला, "माझं बघून माझ्या रूममेटनेही सुरू केलंय." ते ऐकून मला १८६५ सालची मुंबई आठवली आणि मी गोष्ट सुरू केली. पण त्याची बसची वेळ झाली, आणि गोष्ट अर्धवट राहिली. म्हणून आता पूर्ण लिहून काढतो. घरातली इतर मंडळीही वाचतीलच.

आमची शाळा जळगाव जिल्ह्यात, कापसाच्या मुलखात. दिवाळीनंतर जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागायची, वर्गाच्या खिडकीच्या गजांना कापसाचे पुंजके अडकायचे, आणि वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग गैरहजर. या कापसाला एकदा सोन्याचा भाव आला होता, तो अमेरिकेतल्या एका युद्धामुळे.

त्या काळी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचे पाचातले चार हिस्से अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतून यायचे. एप्रिल १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. लिंकनच्या सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि गिरण्यांचा कापूस तुटला. मग गिरणीवाल्यांनी मोर्चा वळवला मुंबईकडे. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात कचरा आणि भेसळ फार. पश्चिम हिंदुस्थानातल्या या सगळ्या मालाला तिकडे 'सुरत' म्हणत, आणि सुरत म्हणजे भिकार माल असाच तिथल्या कामगारांचा समज झाला होता. भेसळीचा प्रकार इतका बोकाळला की १८६३ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला. पण अडला हरी म्हणतात ना, तशी गिरणीवाल्यांची गत होती. भाव तिपटी-चौपटीच्या घरात गेले. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला कापूस काढून विकला असं सांगतात. वऱ्हाड-नागपूरकडे तर गाड्याच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी आहेत. एरवीच्या भावाने मिळाले असते त्याच्यावर जवळजवळ ८ कोटी पौंड या चार-पाच वर्षांत मुंबईकडे आले. तेव्हा एका पौंडाचे १० रुपये होत. म्हणजे ८० कोटी रुपये, आणि तेही त्या काळातले.

इथपर्यंतचं कौतुक मला मान्य आहे. माल होता, गिऱ्हाईक होतं, भाव चढला. खरी गंमत पुढे आहे.

एवढा पैसा आला, तो ठेवायचा कुठे? मग कंपन्या निघू लागल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका होत्या, १६ 'फायनान्शियल असोसिएशन', ८ जमीन कंपन्या, २० विमा कंपन्या, शिवाय जहाजांच्या, कापूस दाबायच्या, कशाकशाच्या. १८६० मध्ये शेअरचे दलाल होते सुमारे ६०, ते दोन-तीन वर्षांत २०० च्या पुढे गेले. यात सर्वांत झगमगती कंपनी बॅकबे रेक्लमेशनची. समुद्र हटवून जमीन करायची आणि विकायची. कल्पना वाईट नव्हती, मुंबईला जागा हवीच होती. पण ५,००० रुपये भरलेल्या तिच्या एका शेअरचा भाव ५०,००० च्या वर गेला, आणि तोही अपेक्षित जमीन अजून समुद्राखाली असताना!

हे घडलं कसं, ते मुलांना मी फळ्यावर गोल काढून समजावत असे. तुमच्याकडे एक शेअर आहे. तो बँकेकडे गहाण ठेवून कर्ज काढा. त्या कर्जातून दुसरा शेअर घ्या. सगळेच घेतायत म्हणून भाव चढतो. भाव चढला म्हणून तुमच्या गहाणाची किंमत वाढली, म्हणून बँक आणखी कर्ज देते. या गोलात कुठेही कापसाचं बोंड नाही, गिरणी नाही, जमिनीचा तुकडाही नाही. बँक ऑफ बॉम्बे ही १८४० सालची जुनी पेढी. तिला पूर्वी असं कर्ज द्यायला मनाई होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती सैल झाली आणि शेअर तारण ठेवून पैसे दिले जाऊ लागले. या बँकेत सरकारचं भांडवल होतं, सरकारने नेमलेले संचालक होते. लोकांना वाटलं, सरकार आत बसलंय म्हणजे कुणीतरी बघतच असेल.

बघत होते प्रेमचंद रायचंद. सुरतेचे जैन, कापसाचे आणि शेअरचे दलाल, इंग्रजी जाणणारे, अतिशय हुशार. त्यांचा शब्द बँकेत चाले, त्यांनी चिठ्ठी दिली की कर्ज मिळे. माणूस लबाड होता असं मला वाटत नाही. त्यांनी ऐन भरभराटीत विद्यापीठाला दिलेल्या पैशातून पुढे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभा राहिला. टॉवरला नाव त्यांच्या आईचं. पण त्यांचं बघून हजारोंनी घेतलं, हेही खरं.

यातही ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांची सोय होती वायद्याची. आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर १ जुलै १८६५ ला द्यायचे-घ्यायचे. मधल्या काळात भाव चढला की फरक खिशात. नातवाचं दहा मिनिटांचं स्पष्टीकरण ऐकताना मला हेच आठवत होतं. ऑप्शन आणि वायदा यांत फरक आहे, तो त्याने मला बजावून सांगितला. असेल. पण तारीख दोन्हीकडे आहे.

मला या प्रकरणात सगळ्यात नवल वाटतं ते एका गोष्टीचं. युद्ध कधीतरी संपणार हे मुंबईतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होतं. ते संपलं की लँकेशायर पुन्हा अमेरिकेच्या लांब धाग्याकडे जाणार, हेही ठाऊक होतं. आपल्या मालात काय भेसळ आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? म्हणजे माहिती कमी पडली असं म्हणता येत नाही. फक्त प्रत्येकाला वाटत होतं, आपण आदल्या दिवशी बाहेर पडू.

९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आला. बातमी मुंबईत पोचली आणि कापूस कोसळला, मग शेअर. १ जुलैला वायदे पुरे करायला जवळजवळ कुणाकडेच पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० ला गेला होता, तो पुढे ८७ रुपयांवर आला. बँक बुडाली, चौकशी कमिशन बसलं, १८६८ मध्ये नवी बँक काढावी लागली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वान, नामांकित डॉक्टर यात पोळला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेला, शिलालेख वाचणारा माणूस! पुस्तकं वाचलेल्यांना कळतं असा आम्हा मास्तर लोकांचा एक गोड गैरसमज असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि शेतकरी? त्याने शेअर घेतला नव्हता, कंपनीचं नावही ऐकलं नव्हतं. पण तेजीत सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली होती. भाव पडल्यावर सावकाराने हात आखडला आणि जुनी बाकी मागायला सुरुवात केली. त्यात १८६७ मध्ये इंदापूरकडे सरकारने शेतसारा भरमसाट वाढवला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. पुढे नगर जिल्ह्यातही हेच लोण गेलं. बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसांना मारलं नाही; कर्जखतं मागितली आणि जाळली. पाठ्यपुस्तकात हा 'दख्खनचा उठाव' दोन ओळींत उरकलेला असे आणि मुंबईचा सट्टा तर नसेच. दोन्ही एकत्र शिकवायला हवेत असं मला नेहमी वाटे. तास पुरत नसत, ती गोष्ट वेगळी.

आता इतकं सगळं ज्याला ठाऊक, तो मास्तर स्वतः शहाणा असेल असं तुम्हाला वाटेल. तर ऐका. हे मी आजवर घरच्या लोकांनाही नीट सांगितलेलं नाही.

१९९४ साली आमच्या गावात सागवानाच्या एका कंपनीचा एजंट आला. हजार रुपयांचं एक रोप, वीस वर्षांनी त्याचे पन्नास हजार. गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, त्यावर हिरव्यागार रांगा. मी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन वीस रोपं घेतली. हिने एवढंच विचारलं, "अहो, झाडं बघून आलात का?" मी म्हणालो, कागदपत्रं व्यवस्थित आहेत. गोल काढून शिकवणारा मी, पण हिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला एक दिवसाची रजा काढून जाणं सुचलं नाही. चार वर्षांत कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं.

वीस हजार गेले. तेव्हा ते आम्हाला जड गेले, पण निभावलं. ज्याचं अजून वाटतं ते निराळंच. स्टाफरूममधल्या तिघांनी माझं बघून पैसे भरले होते. आणि शाळेच्या शिपायाने पाच हजार. तो म्हणाला होता, "सर, तुम्ही वाचल्याशिवाय काही करत नाही." मी वाचलंही होतं! माहितीपत्रक दोनदा वाचलं होतं. मी निवृत्त होईपर्यंत तो रोज मला चहा आणून देत असे. त्या पैशांविषयी तो कधी एक शब्द बोलला नाही, मीही बोललो नाही. बोलायला हवं होतं. आता तो नाही.

हे सगळं नातवाला फोनवर सांगितलं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेला आकडाही वाचून दाखवला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १०० सर्वसाधारण माणसांपैकी ९३ जणांना तोटा झाला. तो म्हणाला, "आजोबा, सात जणांना झाला ना फायदा?" यावर मला हसू आलं. भाऊ दाजींनाही असंच वाटलं असेल.

त्याला करू नको असं मी म्हटलं नाही. पगार त्याचा आहे. एवढंच विचारलं, की सुरू केल्यापासून आजपर्यंतची सगळी बेरीज-वजाबाकी एका कागदावर लिहिली आहेस का, दलाली आणि कर धरून? आणि रूममेटने किती घातलेत? तो गप्प झाला. मग म्हणाला, बघतो.

परवा मेसेज आला. "हिशेब केला. उणे ४१ हजार. रूममेटला अजून सांगितलं नाही."

उत्तर काय लिहावं ते दोन दिवस ठरत नाहीये. त्याची आजी म्हणते, काही लिहू नका, रविवारी दोघांनाही जेवायला बोलवा.