कॉम्प्युटर सुरू होताच उघडणारे टीम्स कसे थांबवावे?

विंडोज ११ च्या बऱ्याच कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट टीम्स हे चॅटिंग व मीटिंगचे अ‍ॅप आधीपासूनच टाकलेले असते. आपण मागवलेले नसते, तरी कॉम्प्युटर सुरू केला की ते हजर! घरात एकच लॅपटॉप, त्यावर अब्बांचे कामाचे मेसेज आणि मुलांचा अभ्यास, अशा ठिकाणी हा नुसता वैताग नसतो. लॉगिन तसेच राहिलेले असेल तर एकाचा खासगी मेसेज दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो. ४ जीबी रॅमच्या मशीनवर कामाची गतीही मंदावते.

हा प्रकार नवा नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये विंडोज मेसेंजर असाच सोबत येत असे. त्याच्या सेटिंगमधली खूण काढली, तरी आउटलुक एक्स्प्रेस उघडले की तो पुन्हा जागा व्हायचा.

टीम्सच्या बाबतीत काम सोपे आहे. स्टार्ट, सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्टार्टअप असे जावे. यादीत मायक्रोसॉफ्ट टीम्ससमोरचे बटण ऑफ करावे. किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप अ‍ॅप्समध्ये टीम्सवर राइट क्लिक करून डिसेबल निवडा. दोन्हींपैकी एक पुरे. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून खात्री करून घ्या.

त्याच यादीत अँटीव्हायरस, आवाज किंवा टचपॅड यांची नावेही दिसतील. ओळखीचे नसलेले नाव बंद करू नये, असे आम्ही आवर्जून सांगू.

आता एक गफलत. वरचा क्रॉस दाबला म्हणजे टीम्स बंद झाले, असे आपण समजतो. बहुतेक वेळा ते खाली घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हात जाऊन बसते आणि मेसेज येतच राहतात. त्या चिन्हावर राइट क्लिक करून क्विट म्हणावे लागते. लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती द्यायचा असेल तर साइन आउटच करा.

डिसेबल केल्याने अ‍ॅप पुसले जात नाही. शाळेच्या ऑनलाइन तासाची लिंक दाबली की ते उघडेल. मात्र ही सेटिंग ज्या यूजरच्या खात्यात बदलली त्याच्यापुरतीच असते. घरात तिघांची वेगळी खाती असतील तर तिन्ही ठिकाणी बदलावी लागेल. टीम्स कुणालाच लागत नसेल तर अ‍ॅप्सच्या यादीतून सरळ अनइन्स्टॉल करावे.