ताओसचा ओढा

न्यू मेक्सिकोतल्या ताओस पुएब्लोत शिरलो तेव्हा कॅमेरा गळ्यात होताच. जुन्या चर्चच्या पडक्या मनोऱ्याभोवती दफनभूमी दिसली, तिकडे वळलो. वाटाड्या मुलगी हळूच म्हणाली, "तिथे नको, आमची माणसं आहेत." १८४७ साली आत आसरा घेतलेल्यांवर अमेरिकन सैन्याने तोफा डागून ते चर्च पाडलं होतं.

गावातला ओढा येतो त्यांच्या पवित्र ब्लू लेकमधून. १९०६ साली सरकारने ते तळं सरकारी जंगलात घातलं. ६४ वर्षं झगडून १९७० साली त्यांनी परत मिळवलं. परक्यांना तिथे प्रवेश नाही. आधी खट्टू झालो. मग वाटलं, आजीच्या देवघरात कुणी फोटो काढत शिरलं तर मला चालेल का?

कॅमेरा पिशवीत ठेवला. तुम्ही गेलात, तर आधी विचारा.