मूर्वा आणि तिची परदेशी बहीण

भगिनींनो, स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहा असे सांगितले, तेव्हा मी घाबरलेच. मी सातवी शिकलेली बाई. राजेरजवाड्यांचे मला काय ठाऊक! म्हणून माझ्या ओट्यावरच्या कुंडीचाच इतिहास सांगते. तलवारीसारखी उभी पाने, अंगावर सापासारखे पट्टे आणि कडेला पिवळी किनार. नर्सरीवाले त्याला स्नेक प्लांट म्हणतात.

याचे माहेर पश्चिम आफ्रिका. पण त्याचे शास्त्रीय नामकरण झाले आपल्याच देशातील वनस्पतींवरच्या ग्रंथात. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी बंगालच्या वनस्पतींवरील ग्रंथात १९०३ साली त्याला सान्सेव्हिएरिया कुळातले नाव दिले. २०१७ साली शास्त्रज्ञांनी ते बदलून ड्रॅसिना कुळात घातले. नाव बदलणे आपल्याच नशिबी असते असे नाही!

त्याची एक बहीण मात्र अस्सल इथली. पुष्कळांच्या मते तीच मूर्वा. वैद्यांचे यावर एकमत नाही. मनुस्मृतीत क्षत्रियाच्या मुंजीला मूर्वेच्या धाग्याची मेखला सांगितली आहे आणि धनुष्याच्या दोरीला संस्कृतात मौर्वी म्हणतात. या जातीच्या पानांतून खरोखरच चिवट वाख निघतो. इंग्रजांनीही तिला धनुष्याच्या दोरीचा ताग असेच नाव ठेवले.

चिवटपणाची साक्ष मीही देईन. माझे आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर घराला कुलूप लागे, ते उन्हाळ्यातच निघे. सातवीनंतर धाकटी भावंडे सांभाळायला मीही फडावर गेले. शाळा तिथेच सुटली. आईने न्हाणीच्या आडोशाला पत्र्याच्या डब्यात हे झाड लावले होते. परत यावे तो तुळशीची काडी झालेली असे. हे मात्र सुरकुतलेले, पण उभे. आई डोक्यावरचे बोचके उतरवून आधी त्याला तांब्याभर पाणी घाली. जाड पानांत आणि जमिनीतल्या गड्ड्यात ते पाणी साठवते आणि पानांची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडते, हे मला मुलीच्या पुस्तकातून पुढे कळले.

लग्नानंतर त्याचाच फुटवा मी बीडला आणला. २०१६ च्या दुष्काळात, टँकरपुढे हंडे लावायच्या दिवसांत, तो टिकला. पुढे पाऊस झाला, नळाला पाणी आले आणि मी लाडाने रोज पाणी घालू लागले. गड्डा सडला! दुष्काळाने मेले नाही ते माझ्या हाताने मेले. आई तोवर गेलेली. एक पान वाचले, त्याचे तुकडे मातीत खोचले. दोन महिन्यांनी कोंब आले, पण पिवळी किनार नाही! पानापासून केलेल्या रोपात ती उतरत नाही. त्यासाठी गड्डाच फोडून लावावा लागतो. मी फार रडले. मग आठवले, मंडळातल्या एका मैत्रिणीला पूर्वी फुटवा दिला होता. तिने किनारीसकट परत दिला.

हवा शुद्ध होते म्हणून मात्र जास्त पैसे मोजू नका. १९८९ साली नासाने बंद पेटीत प्रयोग केले खरे. पण २०१९ साली संशोधकांनी हिशेब मांडला, की घरात तसा गुण येण्यास खोली कुंड्यांनीच भरावी लागेल. पान लेकरांच्या व जनावरांच्या तोंडात जाऊ देऊ नये. माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे, थंडीत तर महिन्याने एकदा पुरते.

यंदा माझ्या गड्ड्याला तीन फुटवे आहेत. पहिला त्या मैत्रिणीच्या सुनेला कबूल केला आहे. उरलेल्या दोघांसाठी पावसाळा लागताच या, डबा घरचा आणा.