प्रोबेट
प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र विधिवत सिद्ध झाल्याचे, न्यायालयाच्या मुद्रेने मृत्युपत्राच्या प्रतीसह मिळणारे प्रमाणपत्र. ते भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ अन्वये दिले जाते. मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राचा व्यवस्थापक, यालाच ते मिळू शकते. असा व्यवस्थापक नेमलेला नसेल, तर मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र मागावे लागते. प्रोबेटमुळे मालमत्तेची मालकी सिद्ध होते, हा समज चुकीचा आहे. मृत्युपत्र खरे आहे काय, ते शुद्धीत व स्वेच्छेने केले आहे काय, एवढेच न्यायालय पाहते. मालमत्ता मुळात मृताची होती की नाही, याचा निवाडा दिवाणी दाव्यात होतो.

मुंबई आणि नवी मुंबई
या विषयात खाडीला फार महत्त्व होते. अधिनियमाच्या कलम ५७ व २१३ यांनुसार हिंदू, बौद्ध, शीख व जैन व्यक्तींनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात केलेल्या, किंवा त्या क्षेत्रातील स्थावर मालमत्तेविषयी अन्यत्र केलेल्या मृत्युपत्राचे प्रोबेट घेतल्याखेरीज त्यावरून न्यायालयात हक्क सांगता येत नसे. हे क्षेत्र दहिसर, मुलुंड व मानखुर्द येथे संपते. पुलापलीकडचे जुईनगर हे हार्बर मार्गावर मानखुर्दनंतरचे तिसरेच स्थानक, पण ते ठाणे जिल्ह्यात मोडते. त्यामुळे जुईनगरच्या रहिवाशाने जुईनगरात बसून तेथील सदनिकेविषयी केलेल्या मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ती नव्हती. त्याच कागदात दादरच्या वडिलोपार्जित खोलीतील हिश्शाचा उल्लेख आला, की त्या खोलीपुरती सक्ती लागू होई. सही मुंबईत झाली असेल, तर जुईनगरच्या घरालाही ती चिकटे. चाळीतून नवी मुंबईत आलेल्या अनेक कुटुंबांचे पाय असे दोन्ही तीरांवर असल्याने हा भेद केवळ पुस्तकी नव्हता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या निरसन व सुधारणा अधिनियमाने कलम २१३ वगळले आणि ही सक्ती संपली. प्रोबेटची तरतूद मात्र कायम आहे. वारसांत वाद असेल, अथवा बँक वा गृहनिर्माण संस्था केवळ मृत्युपत्रावर नाव बदलण्यास धजत नसेल, तर आजही तोच भक्कम मार्ग ठरतो.

मृत्युपत्राची सिद्धता
मृत्युपत्र साध्या कागदावर चालते; त्यास मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे. किमान दोन साक्षीदारांची साक्षांकित सही मात्र अनिवार्य आहे. नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या साध्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकते, कारण शेवटचे तेच ग्राह्य असते. ज्याला लाभ मिळायचा त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार वयाने तरुण असावेत, हेही व्यवहाराचे शहाणपण आहे. दोघांपैकी एक हयात असेल व साक्ष देऊ शकत असेल, तर त्याला न्यायालयापुढे आणावेच लागते. समवयस्क मित्रांच्या सह्या घेणारे नेमके हेच विसरतात.

वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा या खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय आजही प्रमाण मानला जातो. तो न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. थरथरती सही, दुर्बल मनःस्थिती, मृत्युपत्र करविण्यात लाभार्थ्याचाच पुढाकार अशा संशयास्पद बाबी असतील, तर त्यांचे निरसन करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते, हे त्यात स्पष्ट केले आहे.

अर्जाची रीत
मुंबईत अर्ज उच्च न्यायालयाकडे केला जातो, तर ठाणे जिल्ह्यात तो जिल्हा न्यायाधीशांच्या अधिकारक्षेत्रात येतो. मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही. अर्जासोबत मृत्युपत्र व मालमत्तेची यादी जोडतात. वारसांना व इतर हितसंबंधितांना सूचना जाते. कोणी कॅव्हिएट दाखल करून विरोध केला, की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि मग कालावधीचा भरवसा उरत नाही.

नामनिर्देशन आणि वारसा
गृहनिर्माण संस्थेच्या अर्जात ज्याचे नाव घातले त्यालाच घर मिळते, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली समाविष्ट झालेल्या कलम १५४ब-१३ नुसार नामनिर्देशित व्यक्ती केवळ तात्पुरती सभासद होते. घर अखेरीस मृत्युपत्राप्रमाणे किंवा कायदेशीर वारसांकडे जाते. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर पत्नी, मुले व आई यांना समान वाटा मिळतो. आईचा वाटा अनेकांच्या ध्यानातच नसतो. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर म्युच्युअल फंडांतील गुंतवणुकीवरून उभा राहिलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नामनिर्देशित व्यक्ती अशा गुंतवणुकीची पूर्ण मालक होत नाही, असे न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितले.

जुईनगरच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. येथील जमिनी सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या आहेत. त्यामुळे मृत्युपत्रात नुसते ‘माझे घर’ न लिहिता सदनिका क्रमांक, सेक्टर, भूखंड, संस्थेचे नाव व भागपत्राचा क्रमांक नमूद करणे हिताचे असते.

वारस दाखला
मृत्युपत्र नसल्यास प्रोबेटचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी ठेवी व रोख्यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि वारसपण मान्य करून घेण्यासाठी वारस दाखला मागितला जातो. हा दाखला आजही मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिला जातो. म्हणजे सिडकोच्या वसाहतीतील वारसांची सोय एल्फिन्स्टनच्या काळातील नियमाने होते.