श्रेयांकांची पत

जुलै महिन्यात महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर जी गर्दी असते, तिच्यात प्रथम वर्षाची मुले फार. त्यांचे काम सोपे असते. अवघड प्रश्न घेऊन येतात ती एकटीदुकटी, अर्ध्या वाटेवरून परतलेली मुले. गेल्या काही वर्षांत त्यांची संख्या वाढली आहे, असे आमचे निरीक्षण आहे.

असाच एक गंगाखेडकडचा मुलगा आमच्याकडे आला. बारावीनंतर घरची ओढाताण म्हणून तो चाकणच्या एका कारखान्यात लागला आणि तिथूनच, रात्रपाळी सांभाळून, दूरच्या एका विद्यापीठाच्या ऑनलाइन बी.ए.ला त्याने नाव घातले. एक वर्ष नेटाने पूर्ण केले. मग वडील आजारी पडले, गावी परतावे लागले, आणि आता त्याला आमच्याकडे दुसऱ्या वर्षात बसायचे होते. 'सर, माझे क्रेडिट कुठंही चालतात, असं तिथल्या माणसानं सांगितलं होतं,' हे त्याचे पहिले वाक्य. पात्रतेसाठी गेलेली त्याची फाइल महिन्याभराने परत आली. विषयांची नावे जुळत नव्हती, श्रेयांकांची बेरीज जुळत नव्हती. त्याला प्रथम वर्षातच प्रवेश घ्यावा लागेल, असा शेरा होता. त्याचे एक वर्ष कागदावर होते, पण ते त्याच्यासोबत आले नव्हते.

'श्रेयांक' हा शब्द आपण इंग्रजी 'क्रेडिट'साठी योजला. शब्द चांगला आहे, पण त्यात मूळ शब्दातली एक छटा हरवली. 'क्रेडिट'च्या मुळाशी विश्वास ठेवणे ही लॅटिन क्रिया आहे. आपल्याकडे त्या अर्थाचा अस्सल शब्द शेतकऱ्याच्या आणि सावकाराच्या व्यवहारात आहे : पत. पत ज्याच्या खिशात असते त्याच्या म्हणण्याने ठरत नाही, समोरच्याच्या म्हणण्याने ठरते. पेठेतल्या दुकानदाराने उधार दिले नाही, तर 'माझी पत आहे' असे कितीही सांगून उपयोग नसतो. श्रेयांकांचेही तसेच आहे. देणारे विद्यापीठ ते देते, पण त्यांचे मोल घेणारे विद्यापीठ ठरवते. मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर तो बराचसा या एकाच प्रश्नाचा इतिहास वाटतो : आपल्या मुलांनी एका ठिकाणी घालवलेली वर्षे दुसरीकडे कोणी मान्य करील का?

परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यातले विद्यापीठ एकच, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया. एका भारतीय भाषेतून, उर्दूतून, थेट पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यासाठी उभारलेल्या भाषांतर विभागाचे काम आजही थक्क करणारे आहे. परंतु मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांसाठी ती भाषा परकी होती. मराठवाड्यातल्या मुलाला औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) इंटरमीजिएट कॉलेजात दोन वर्षे काढून पुढे हैदराबाद गाठावे लागे. नाहीतर राज्याची हद्द ओलांडून पुणे, मुंबई, नागपूर.

१९३८च्या नोव्हेंबरात हा प्रश्न एकदम ऐरणीवर आला. औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला, त्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी संप केला. पाहता पाहता आंदोलन हैदराबादच्या वसतिगृहांत आणि इतर गावांच्या कॉलेजांत पसरले. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत या प्रसंगाला मानाचे पान आहे, पण ते पान बहुधा राजकारणाच्या अंगाने लिहिलेले असते. आम्हांला त्यातला दुसरा, थोडा रूक्ष प्रश्न अधिक जवळचा वाटतो. इंटरच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या, वीस वर्षेही न झालेल्या त्या मुलाचे पुढे काय? त्याच्या नावावर शिस्तभंगाचा डाग होता. त्याने शिकलेले उर्दूतून होते. बाहेरची विद्यापीठे शिकवीत इंग्रजीतून. ज्या संस्थेने त्याला काढले, ती त्याला शिफारसपत्र देणार नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे, तर त्याच्या खात्यावरचे श्रेयांक शून्य झाले होते.

त्या मुलांना दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश द्यायचे ठरवले आणि मुले नागपूरला गेली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकीच. त्यांचे पुढचे शिक्षण नागपूर आणि पुण्यात झाले. या निर्णयाचे कौतुक करताना भाबडेपणा नको. मध्य प्रांतात तेव्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. 'वंदे मातरम्'साठी काढलेल्या मुलांना सामावून घेणे तिथे अप्रिय ठरणारे नव्हते. वारा अनुकूल होता. तरीही विद्यापीठ हे वाऱ्यावर चालत नाही, नियमांवर चालते, आणि नियमाने पाहिले तर प्रत्येक मुलाची फाइल 'अपूर्ण' असा शेरा मारून परत करता आली असती. अभ्यासक्रमांची ओळीने जुळणी केली असती, तर त्यांतली कितीशी मुले दुसऱ्या वर्षात बसली असती? कोणीतरी खुर्चीवर बसून 'या मुलांच्या वर्षांवर आमचा विश्वास आहे' असे म्हणावे लागले. आमच्या भागाच्या आठवणीतले श्रेयांक-हस्तांतराचे सर्वांत मोठे उदाहरण हेच आहे, आणि ते कोणत्याही चौकटीशिवाय घडले.

याच काळात दुसरीकडे मान्यतेविनाही शिक्षण चालू होते. १९२१ साली असहकाराच्या लाटेत पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. सरकारी विद्यापीठांवर बहिष्कार टाकलेल्यांसाठी ते होते, त्यामुळे त्याच्या पदव्यांना सरकारदरबारी किंमत नव्हती. अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९८७ उजाडावे लागले. व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण तिथे शिकला. तोच पुढे स्वामी रामानंद तीर्थ. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या, आणि परभणी जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो त्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. स्वामीजींनी आज आपलीच गुणपत्रके घेऊन या विद्यापीठाच्या पात्रता कक्षाकडे अर्ज केला असता तर, असा विचार स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी कोणी केला, की हसू येते. ते फार मोकळे हसू नसते.

मध्यंतरीचा प्रवास सर्वांना माहीत आहे. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले, परभणीची महाविद्यालये त्याला जोडली गेली, नंतर नांदेडला. या बदलांत सबंध महाविद्यालयेच एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेली, म्हणून मुलांची वर्षे बुडाली नाहीत. व्यवस्था हलते तेव्हा तिच्यासाठी तरतूद होते, एकटा विद्यार्थी हलतो तेव्हा टी.सी., स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता अर्ज यांची माळ त्याच्या गळ्यात पडते.

एकट्यासाठी जुना मार्ग होता तो 'बहिःस्थ' परीक्षेचा. हा शब्द किती अचूक आहे! जो आत नाही, पण परीक्षेपुरता आत येऊ दिलेला. जुन्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या हिंगोलीत, ज्यांचे मूळ गाव, ते नरहर कुरुंदकर इंटरला अडखळले, नांदेडच्या शाळेत शिक्षक झाले आणि नोकरी करीतच पुढच्या पदव्या घेऊन अखेर पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. आम्ही मराठीचे लोक त्यांचे नाव विद्वत्तेसाठी घेतो. शिक्षणाचे तुटलेले टोक पुन्हा जोडणारा माणूस म्हणूनही ते घेतले पाहिजे. त्यांच्यासारख्यांसाठी नीट व्यवस्था झाली ती १ जुलै १९८९ रोजी, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले तेव्हा. 'श्रेयांक' हा शब्द आमच्या भागातल्या अनेकांनी प्रथम तिथल्या पुस्तकांत वाचला. एक श्रेयांक म्हणजे सुमारे तीस तासांचा अभ्यास, वर्गात असो वा घरी चुलीपुढे. हे मोजमाप मुक्त शिक्षणाने रूढ केले.

मोजमापाचीही एक गंमत आहे. अमेरिकेत १९०६च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाने अभ्यासाचे 'एकक' ठरवले आणि ते झपाट्याने पसरले, कारण ते मानणाऱ्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनाच प्रतिष्ठानाची पेन्शन मिळणार होती. ज्ञान तासांत मोजण्याच्या कल्पनेमागे आमच्याच पेशाची म्हातारपणाची काळजी होती, हे कबूल केलेले बरे.

पत नसलेल्या कागदांचे काय होते, तेही या शतकात दिसले. फेब्रुवारी २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर छत्तीसगडमधली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे एका निकालाने रद्द केली. नोव्हेंबर २०१७मध्ये काही अभिमत विद्यापीठांच्या, मान्यता न घेता दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या न्यायालयाने अडवल्या. दोन्ही वेळा विद्यार्थ्यांनी शुल्क भरले होते, परीक्षा दिल्या होत्या.

आज चौकट आहे. 'स्वयम्' २०१७मध्ये सुरू झाले. २०२१च्या नियमांनी एखाद्या अभ्यासक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेण्याची मुभा संस्थांना दिली. त्याच वर्षी जुलैत श्रेयांकांची बँक आली, जिथे मिळवलेले श्रेयांक साधारण सात वर्षे जमा राहतात. बँक म्हटल्यावर आमच्या विद्यार्थ्याला वाटले, की पैसे जसे कोणत्याही एटीएममधून निघतात तसेच हेही निघतील. पण पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात, आणि उरलेल्यांतले कोणते घ्यायचे, हे तीच संस्था ठरवते. शिवाय केंद्राच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, तर महाराष्ट्रात बहुतेक विद्यापीठांनी सत्राला २२ धरून १३२. बाहेरून ४० घेऊन आलेला मुलगा इथे ४४च्या रांगेत चार पावले मागे उभा राहतो. आणि परभणीसारख्या, कृषी विद्यापीठाच्या गावातल्या मुलांना हे सांगावेच लागते, की शेतीची पदवी ऑनलाइन घेता येत नाही. अभियांत्रिकी, विधी, वैद्यकाप्रमाणे कृषीही अनुदान आयोगाच्या निषिद्ध यादीत आहे.

म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रम निवडणाऱ्याला आम्ही आता उलटीकडून सुरुवात करायला सांगतो. शुल्क आणि जाहिरात नंतर. त्या विद्यापीठाला, त्याच अभ्यासक्रमासाठी, त्याच वर्षाची आयोगाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावे. 'अभ्यासकेंद्र' चालवणाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नये. मग ज्या विद्यापीठात उद्या परतण्याची शक्यता आहे, त्याला विचारावे. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम छापून ठेवावा, कारण तीन वर्षांनी संकेतस्थळ बदललेले असते आणि पात्रता कक्ष नेमका तोच कागद मागतो.

गंगाखेडचा तो मुलगा आता आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर बसतो. इतरांहून दोन वर्षांनी मोठा. मागच्या आठवड्यात तो धाकट्या बहिणीचे काम घेऊन आला. तिचे लग्न ठरते आहे, सासर बहुधा सोलापूरकडे. तिला ऑनलाइन बी.ए. करायचे आहे, पण उद्या तिथल्या कॉलेजात जाता आले तर जायचे आहे. 'सर, आधी कुणाला विचारू?' आम्ही सोलापूरच्या विद्यापीठाच्या नावाने चार ओळींचा अर्ज लिहून दिला : अमुक विद्यापीठाचे अमुक विषय आपण दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी ग्राह्य धराल का, कृपया लेखी कळवावे. त्याने तो पोस्टाने रजिस्टर करून पाठवला आणि पावती वहीत चिकटवली. उत्तर अजून आलेले नाही.