अमेरिकन गाड्या खरंच इतक्या वाईट असतात का? परदेशी रिव्ह्यूमधला पक्षपात कसा ओळखायचा

यूट्यूबवर ब्रिटिश किंवा युरोपियन कार रिव्ह्यू बघत असाल, तर काही वाक्यं तुम्हाला पाठ झाली असतील. अमेरिकन गाडी सरळ रस्त्यावर पळते पण वळत नाही, आतलं प्लास्टिक स्वस्त असतं, पेट्रोल पाण्यासारखं पिते. यातलं खरं किती आणि 'आमचीच गाडी भारी' हा अभिमान किती? आज आपण हेच उदाहरणांसकट समजून घेऊ.

आधी मोजपट्टी तपासा

बऱ्याचदा जो पक्षपात वाटतो तो फक्त युनिटचा घोळ असतो. ब्रिटन आणि अमेरिका दोघंही मायलेज 'मैल प्रति गॅलन'मध्ये सांगतात, पण दोघांचा गॅलन वेगळा आहे. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. त्यामुळे अमेरिकेत जी गाडी २५ चं मायलेज देते, तीच ब्रिटनमध्ये ३० चं देते. आपल्या हिशोबात दोन्ही म्हणजे लिटरला साधारण १०.६ किलोमीटर! आता अमेरिकन साइटवरचा २५ आणि ब्रिटिश मासिकातला ३० शेजारी ठेवून कोणी तुलना केली, तर काहीही कारण नसताना अमेरिकन गाडी हरते.

इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजचंही तसंच. अमेरिकेची ईपीए टेस्ट आणि युरोपची डब्ल्यूएलटीपी टेस्ट वेगळ्या आहेत. एकाच गाडीचा ईपीए आकडा सहसा कमी येतो.

एकच मस्टँग, ५ स्टार आणि २ स्टार

अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा संस्थेने २०१५ च्या फोर्ड मस्टँगला ५ पैकी ५ स्टार दिले होते. जानेवारी २०१७ मध्ये युरो एनकॅपने युरोपात विकल्या जाणाऱ्या मस्टँगला दिले फक्त २. बातमी वाचून कोणालाही वाटेल की युरोपने मुद्दाम अमेरिकन गाडीला खाली खेचलं.

पण दोन्हीकडची प्रश्नपत्रिकाच वेगळी होती. युरो एनकॅप मागच्या सीटवरच्या मुलांची सुरक्षा वेगळी मोजते, आणि तिथे मस्टँगला ३२ टक्के मिळाले. धडक टाळण्यासाठी आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम गाडीत नव्हती, त्यामुळे सेफ्टी असिस्टमध्ये मिळाले १६ टक्के. अमेरिकेत त्या वेळी ही सिस्टीम स्टारच्या हिशोबात धरतच नव्हते. शिवाय युरोपच्या टेस्टमध्ये पुढच्या एअरबॅग पुरेशा फुगल्या नाहीत. फोर्डने सुधारणा केल्या आणि त्याच वर्षी नव्या मॉडेलला ३ स्टार मिळाले.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केस बदलल्या की तोच कोड फेल होतो. याला पक्षपात म्हणता येत नाही. उलट 'ते आपल्यावर जळतात' म्हणून अमेरिकन ग्राहकाने हा रिपोर्ट बाजूला टाकला, तर धोका मागे बसलेल्या त्याच्याच मुलाला आहे.

रस्ता आणि पेट्रोलचा भाव

अमेरिकेत लांबच लांब सरळ हायवे आणि स्वस्त पेट्रोल. तिथे मऊ सस्पेन्शन आणि मोठं इंजिन सोयीचं. ब्रिटनमध्ये अरुंद, वळणावळणाचे गावरस्ते आणि पेट्रोलवर जबर टॅक्स. तिथे तीच गाडी बोजड वाटणार. त्यात स्टेअरिंग डावीकडे. मस्टँग कारखान्यातूनच उजव्या स्टेअरिंगसह मिळायला २०१५ उजाडलं. 'ही गाडी ब्रिटनमध्ये चालवायला त्रासदायक आहे' हे मत अगदी रास्त आहे. मात्र 'अमेरिकनांना गाडी बनवता येत नाही' ही त्यापुढची उडी आहे, आणि ती पुराव्याशिवाय मारलेली असते.

खरा पक्षपात कुठे दिसतो?

यासाठी एक साधी ट्रिक आहे. बॅज बदलून बघा. तीच गोष्ट दुसऱ्या देशाच्या गाडीत असेल, तर रिव्ह्यूअर काय म्हणतो?

शेवरले कॉर्व्हेटचं उदाहरण घ्या. २०१९ पर्यंतच्या कॉर्व्हेटमध्ये लीफ स्प्रिंग होत्या, म्हणजे आपल्याकडे ट्रक-टेम्पोला असतात ते पाटे. ब्रिटिश रिव्ह्यूमध्ये यावर घोडागाडीचे विनोद ठरलेले. पण कॉर्व्हेटचा पाटा लोखंडी नव्हता. तो हलक्या फायबर कंपोझिटचा, आडवा बसवलेला, आणि प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होणारं. ट्रकच्या पाट्याशी त्याचं नातं जवळजवळ नावापुरतंच.

पुढे २०१४ मध्ये स्वीडनच्या व्होल्वोने नव्या एक्ससी९० मध्ये, एअर सस्पेन्शन नसलेल्या मॉडेलच्या मागच्या बाजूला, असाच आडवा कंपोझिट पाटा दिला. तिथे मात्र तीच कल्पना वजन आणि जागा वाचवणारी युक्ती म्हणून समजावून सांगितली गेली. फरक उरला तो बॅजचा.

टेस्ला विरुद्ध टॉप गिअर

सगळ्यात गाजलेलं प्रकरण हे. डिसेंबर २००८ मध्ये बीबीसीच्या 'टॉप गिअर'मध्ये जेरेमी क्लार्कसनने टेस्ला रोडस्टर चालवली. वेगाचं कौतुक केलं, पण ट्रॅकवर ती ५५ मैलच जाईल असं सांगितलं. कंपनी साधारण २०० मैलांची रेंज सांगत होती. पुढे गाडी ढकलत आत नेतानाही दाखवली. टेस्लाचं म्हणणं असं की लॉगनुसार दोन्ही गाड्यांचं चार्जिंग कधीच २० टक्क्यांखाली गेलं नव्हतं, आणि निकाल आधीच स्क्रिप्टमध्ये लिहिलेला होता. बीबीसीने आरोप फेटाळले.

२०११ मध्ये टेस्ला कोर्टात गेली आणि हरली. न्यायाधीश ट्युगेनहॅट यांच्या मते, ट्रॅकवरची कामगिरी आणि रोजच्या रस्त्यावरची रेंज यांची थेट तुलना कोणताही समंजस प्रेक्षक करणार नाही. २०१३ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

यात एक गंमत आहे. या रोडस्टरची जुळणी इंग्लंडमध्येच, लोटसच्या हेथेल इथल्या कारखान्यात व्हायची. त्यामुळे तो देशाचा आकस होता, इलेक्ट्रिक गाड्यांबद्दलची शंका होती, की फक्त टीव्हीचा मसाला? कोर्टाने यावर निकाल दिला नाही. पण प्रत्येक वाईट रिव्ह्यूवर 'राष्ट्रीय पक्षपात' हा शिक्का मारणं किती सोपं आणि किती अपुरं आहे, हे यावरून कळतं.

उलट बाजूचा पुरावा

अनेक देशांच्या पत्रकारांची ज्युरी 'युरोपियन कार ऑफ द इयर' निवडते. २०१२ मध्ये त्यांनी शेवरले व्होल्ट आणि तिचीच जुळी ओपल अँपेरा यांना हा मान दिला. त्या तयार व्हायच्या डेट्रॉइटमध्ये. १९९९ चा मान फोर्ड फोकसला होता. बॅज अमेरिकन, पण गाडी युरोपच्या रस्त्यांसाठी घडवलेली.

आणि अमेरिकन गाड्यांना नावं ठेवणारे फक्त परदेशी आहेत का? अमेरिकेतलंच 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' स्वतः पैसे देऊन गाड्या विकत घेतं आणि मग टेस्ट करतं. त्यांच्या विश्वासार्हतेच्या यादीत वर्षानुवर्षं टोयोटा, लेक्सस वर आणि अनेक अमेरिकन ब्रँड खाली राहिलेत.

पण बॅजचा परिणाम तिथल्या ग्राहकांवरही होतोच. १९८४ ते २०१० या काळात कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटाचा एकत्र कारखाना होता. तिथून टोयोटा कोरोला आणि जवळपास तशीच जिओ प्रिझम बाहेर पडायची. तरी सेकंडहँड बाजारात कोरोलाला भाव जास्त. (हाच कारखाना पुढे टेस्लाने घेतला.)

मुळात गाडी कुठल्या देशाची?

२०१७ पासून जीप कंपास पुण्याजवळ रांजणगावला बनते आणि तिथून ऑस्ट्रेलिया, जपानलाही गेली आहे. तिकडचा रिव्ह्यूअर 'अमेरिकन फिनिशिंग'ला नाव ठेवतो, तेव्हा ते दार बसवणारे हात आपल्या शिरूर तालुक्यातले असू शकतात!

थोडक्यात: रिव्ह्यू बघताना ५ प्रश्न

१. आकडा कुठल्या युनिटमध्ये आणि कुठल्या टेस्टचा आहे?
२. रिव्ह्यूअरचा रस्ता, पेट्रोलचा भाव आणि गरज माझ्यासारखी आहे का?
३. हीच त्रुटी दुसऱ्या देशाच्या गाडीत असती तर तो असाच बोलला असता का?
४. त्या गाडीच्या स्वतःच्या देशातले रिव्ह्यूअर काय म्हणतात?
५. गाडी विकत घेऊन तपासली, की कंपनीने दिलेली?

टीका मोजता येत असेल तर ती कुठूनही आलेली असो, गंभीरपणे घ्या. फक्त देशाचं नाव घेऊन हसवत असेल, तर हसा आणि पुढचा व्हिडिओ लावा.